स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून का नाही?

तुमची अडचण मला समजली ती अशी: क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रॅममध्ये, रात्री २ला लावलेला बॅकअप उजाडल्यावर चालतो, लॉगमध्ये मात्र वेळ २चीच पडते. शिवाय मधेच 'कमांड नॉट फाउंड' येतं. तीच स्क्रिप्ट टर्मिनलवरून चालवली की वेळही बरोबर आणि एररही नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच झटक्यात दोन्ही दुरुस्त करायला जाऊ नका.

आधी एररचं बघू. तुम्ही लॉगिन करता तेव्हा शेल (तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तुमची प्रोफाइल आणि बॅशआरसी या सेटिंगच्या फाइली वाचतो, क्रॉन त्यातलं काहीच वाचत नाही. डेबियन लिनक्सवर त्याच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) 'यूएसआर बिन' आणि 'बिन' एवढंच असतं, शेलही साधा 'एसएच'. म्हणून 'यूएसआर लोकल बिन'मध्ये टाकलेलं टूल त्याला सापडत नाही. अंदाज करत बसू नका. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) दर मिनिटाला 'एन्व्ह' (सगळी व्हेरिएबल दाखवणारी कमांड) चालवणारी ओळ घाला, आउटपुट एका फाइलमध्ये घ्या आणि टर्मिनलवरच्या 'एन्व्ह'शी डिफ करून, म्हणजे फरक काढून, बघा. काम झालं की ती ओळ काढायला विसरू नका. मग लागणारा पाथ स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पूर्ण लिहा. क्रॉनटॅबमध्ये जुन्या पाथला 'डॉलर पाथ' लावून भर घालता येत नाही, तिथे व्हेरिएबलची किंमत भरली जात नाही, अक्षरं तशीच राहतात. 'डेट'च्या फॉरमॅटमधलं टक्क्याचं चिन्हही क्रॉन नवी ओळ समजतो, त्याच्याआधी बॅकस्लॅश हवा.

आता वेळेचा घोळ. मशीनचा टाइम झोन दाखवणारी 'टाइमडेटसीटीएल' कमांड चालवून बघा. लक्षणांवरून मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) आहे आणि 'टीझेड' (टाइम झोन सांगणारं व्हेरिएबल) फक्त तुमच्या बॅशआरसीत आहे, असं जवळपास नक्की वाटतं. काम कधी सुरू करायचं हे क्रॉन स्वतःच्या घड्याळावर ठरवतो, स्क्रिप्टमधली 'डेट' कमांड मात्र तिला मिळालेल्या 'टीझेड'वर चालते. त्यामुळे डेबियनच्या क्रॉनटॅबमध्ये वर 'टीझेड' लिहिलंत तर लॉगमधली वेळ बदलेल, काम चालायची वेळ बदलणार नाही. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवरच्या क्रॉनीमध्ये (क्रॉनचीच एक आवृत्ती) त्यासाठी 'क्रॉन टीझेड' हे वेगळं व्हेरिएबल आहे, मध्ये अंडरस्कोर. मशीनचाच झोन बदललात तर क्रॉन सर्व्हिस रिस्टार्ट करा, नाहीतर ती जुन्याच झोनवर चालत राहते.

कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या बंदिस्त वातावरणात) चालवत असाल तर आणखी एक पाहा: झोनची माहिती असलेलं 'टीझेडडेटा' पॅकेज नसेल किंवा झोनचं नाव चुकलं असेल तर एरर येत नाही, गुपचूप यूटीसी धरलं जातं. यात लोकांचे दिवसच्या दिवस गेलेले मी पाहिलेत.

माझं मत विचाराल तर सर्व्हर यूटीसीवरच ठेवा आणि क्रॉनमधली वेळ हिशेब करून लिहा. तुमच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत असतील तर हा हिशेब वर्षातून दोनदा चुकेल. तिथे क्रॉनऐवजी सिस्टमडी टायमर (लिनक्समधली वेळेवर कामं चालवायची दुसरी सोय) घ्या. त्याच्या 'ऑनकॅलेंडर'मध्ये वेळेनंतर झोनचं नाव लिहिता येतं आणि 'सिस्टमडी अ‍ॅनलाइझ कॅलेंडर' पुढची खरी वेळ आधीच दाखवतं. फक्त घड्याळ बदलतं त्या तासात बॅकअप लावू नका.