बाबांना एआरएमडी (वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होणं) आहे, दिसणं कमी झाल्यापासून गप्प बसून असतात. काय करावं?

‘वयामुळे होतं’ म्हणून सोडू नका. या आजारात मधली नजर जाते, कडेची राहते. म्हणून घरात नीट वावरतात, पण पेपर, चेहरे, गोळ्यांची नावं सुटतात. मग घरचे सगळं हातात देतात (प्रेमानेच), आणि उरलेली कामंही जातात. उदासी तिथेच मुरते.

लो व्हिजन क्लिनिकला न्या (उरलेली नजर वापरायला तिथे शिकवतात). शिवाय आवडतं एकच काम परत सुरू करा. उदा. चहा: गॅसच्या बटणावर ‘बंद’च्या जागी उठावाची टिकली, दुधाचा चहा गडद कपात (रंगातला फरक दिसावा म्हणून), दिवा ओट्याजवळ, डोळ्यांवर न येणारा. अमेरिकेतल्या २०१४च्या चाचणीत अशा दुहेरी मदतीने ४ महिन्यांत नैराश्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा साधारण निम्मं राहिलं.

दोन आठवडे झोप-भूक बिघडलेली असेल तर मनोविकारतज्ज्ञ. ‘जगून काय करू’ म्हणाले तर त्याच दिवशी; सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस: १४४१६.