एन्झाइम अभिक्रियेची फक्त पुढची दिशा वेगवान करते की उलटी दिशाही?

एन्झाइम दोन्ही दिशांची अभिक्रिया सारख्याच पटीने वेगवान करते. त्यामुळे समतोल लवकर साधतो, पण समतोल स्थिरांक (समतोलावेळी दोन्ही बाजूंच्या पदार्थांच्या संहतींचे ठरलेले गुणोत्तर) बदलत नाही. याचे कारण असे की, एन्झाइम संक्रमण अवस्थेला, म्हणजे अभिक्रियेच्या वाटेवरील सर्वाधिक ऊर्जेच्या मधल्या स्थितीला, स्थैर्य देऊन सक्रियण ऊर्जा (तिथवर पोहोचण्यास लागणारी ऊर्जा) कमी करते, आणि जाताना व येताना ओलांडायची खिंड एकच असल्याने तिची उंची घटली की दोन्हीकडची वाट सोपी होते. तांबड्या रक्तपेशींमधील कार्बोनिक अनहायड्रेजमध्ये हे फार स्पष्ट दिसते: ऊतींमध्ये कार्बन डायऑक्साइड भरपूर असल्याने हे एन्झाइम त्याचा पाण्याशी संयोग घडवून बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन तयार करते, तर फुफ्फुसांत, जिथे तो वायू सतत बाहेर टाकला जात असतो, तेच एन्झाइम बायकार्बोनेटपासून पुन्हा कार्बन डायऑक्साइड मोकळा करते. म्हणजे दिशा ठरते ती दोन्ही बाजूंच्या पदार्थांच्या संहतीवरून. मात्र ‘सारख्याच पटीने’ याचा अर्थ ‘सारख्याच वेगाने’ असा घेऊ नये. दोन्ही दिशांचे कमाल वेग आणि मायकेलिस स्थिरांक (कमाल वेगाच्या निम्मा वेग मिळण्यासाठी लागणारी पदार्थाची संहती) पुष्कळ वेगळे असू शकतात. त्यांचे परस्पर प्रमाण तेवढे समतोल स्थिरांकाशी बांधलेले असते, आणि हा संबंध ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्या नावाने ओळखला जातो. शिवाय ग्लुकोजला फॉस्फेट जोडणाऱ्या हेक्झोकायनेज या एन्झाइमच्या अभिक्रियेत ऊर्जेची घट इतकी मोठी असते की पेशीत ती उलटी जवळजवळ होतच नाही, म्हणून यकृत ग्लुकोज परत मिळवण्यासाठी ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे निराळे एन्झाइम वापरते.