वाचकांचे प्रश्न : स्वे बार आणि गाडीचा तोल

प्रश्न : मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. माझ्याकडे १९९५ची माझदा मियाटा आहे आणि स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या ऑटोक्रॉस स्पर्धांत (मोकळ्या जागेत शंकू मांडून आखलेल्या मार्गावर वेळ मोजून चालवायच्या) मी ती ‘स्ट्रीट’ गटात चालवतो. मागचा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा भाग, साधा, ओपन आहे. पुढचा मूळ स्वे बार (वळणात गाडी कमी कलावी म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, पीळ घेणारा दांडा) काढून मी जाड, दोन्ही टोकांना तीन-तीन भोके असलेला बार बसवला. त्यानंतर शंकूंच्या ओळीतून नागमोडी जाताना गाडी फार छान वळते. पण लांब, गोल वळणात नाक बाहेर जाते आणि वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दिला की आतले मागचे चाक नुसतेच फिरते. एक मित्र सांगतो, मागेही जाड बार लाव. दुसरा म्हणतो, मागचा बार काढूनच टाक. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या गटाचा नियम आधी लक्षात घ्यावा. स्ट्रीट गटात पुढचा किंवा मागचा, असा एकच बार बदलण्याची किंवा काढण्याची मुभा असते. आपण पुढचा बदलला असल्यामुळे मागच्याला हात लावता येत नाही आणि दोन्ही मित्रांचे सल्ले तिथेच बाद होतात. तरीही त्यांतला पहिला सल्ला नियमात बसला असता तरी का घेऊ नये, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ तिथेच उलगडते.

स्वे बार टायरची पकड निर्माण करत नाही. वळणात आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते, आणि ते एकूण किती जाणार हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधले अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरते. बार जाड असो वा बारीक, त्यात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. ढोबळ हिशेब करू. चालकासह गाडी १,०५० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर आणि चाकांमधले अंतर १४१ सेंटिमीटर धरले, तर एक ‘जी’च्या, म्हणजे गाडीच्या वजनाइतका आडवा जोर लागणाऱ्या वळणात सुमारे ३३५ किलो वजन आतून बाहेर सरकते. या ३३५ किलोंपैकी पुढच्या जोडीने किती झेलायचे आणि मागच्या जोडीने किती, एवढेच बार ठरवतो. एका जोडीतल्या दोन टायरांवरचे वजन जितके विषम होते, तितकी त्या जोडीची एकत्रित पकड घटते. म्हणून पुढचा बार ताठ केला की सहसा नाक बाहेर जाते आणि मागचा ताठ केला की शेपूट सुटते. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी १९३०च्या दशकात सस्पेन्शनवर मूलभूत काम केले, त्यातून तयार झालेली ही समज आजही तशीच लागू पडते.

आता आपल्या मागच्या चाकाकडे पाहू. स्थिर उभ्या गाडीत प्रत्येक चाकावर सुमारे २६२ किलो वजन आहे. सरकणाऱ्या वजनाचा ६० टक्के वाटा पुढच्या जोडीने उचलला, तर मागच्या आतल्या चाकावर १२८ किलो उरतात. मागे जाड बार लावून हा वाटा निम्मा-निम्मा केला, तर तिथे ९५ किलोच राहतात. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे हलक्या चाकाला जेवढे पेलवते तेवढ्यावरच गाडीची एकूण ओढ थांबते. म्हणजे मागच्या जाड बारामुळे नाक थोडे आत वळेल, पण वळणातून निघताना ओढ चौथ्या हिश्श्याने कमी होईल. हे आगीतून फुफाट्यात पडण्यासारखे आहे. मियाटाच्या ज्या शर्यती ‘स्पेक मियाटा’ या ठरावीक साच्यात होतात, तिथे पुढच्या स्प्रिंगा इंचाला ७०० पौंडांच्या आणि मागच्या ३२५ पौंडांच्या असतात. पुढचे टोक मुद्दाम एवढे ताठ ठेवूनही त्या गाड्या उत्तम वळतात, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. तेव्हा पुढचा जाड बार ही आपली चूक नाही. माझ्या मते तो तसाच राहू द्यावा.

मग लांब वळणात नाक बाहेर का जाते? नागमोडी मार्गावर गाडी सतत बाजू बदलत असते. तिथे शॉक ॲब्सॉर्बरचे काम अधिक दिसते आणि बारामुळे स्टिअरिंगला मिळणारा तत्पर प्रतिसाद सुखावतो. लांब वळणात मात्र गाडी एका बाजूला कलून स्थिरावते आणि तेव्हाच तीन दोष उघडे पडतात.

पहिला दोष कॅम्बरचा, म्हणजे समोरून पाहता चाक किती कललेले आहे त्या उभ्या कोनाचा. मियाटाला चारही चाकांना डबल विशबोन (चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन दुवे) आहेत, पण गाडी कलते तेव्हा बाहेरच्या पुढच्या टायरचा उभा कोन बिघडतोच. मूळ उंचीवर पुढच्या चाकांना साधारण एक ते दीड अंश ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) मिळतो, आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये अलाइनमेंट करून घेतली असेल तर टायर टिकावा म्हणून तोही बहुधा कमीच ठेवलेला असतो. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ मारून एक फेरी घ्यावी. खडू खांद्याच्या कडेखालीही पुसला गेला, तर टायर कडेवर कलंडतो आहे. अशा वेळी समायोजनाचे बोल्ट फिरवून मिळेल तेवढा ऋण कॅम्बर घ्यावा आणि पुढच्या टायरांत एक-दोन पीएसआय हवा वाढवून पाहावी. खडू खांद्यापर्यंत पोहोचतच नसेल, तर उलट हवा थोडी कमी करावी. पुढचा बार सैल करणे हा उपाय इथे फसवा ठरू शकतो, कारण बार सैल झाला की गाडी अधिक कलते आणि कॅम्बर आणखी हातचा जातो.

दुसरा दोष बम्प स्टॉपचा, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबले की त्याला अडवणाऱ्या फोमच्या तुकड्याचा, आणि या गाडीच्या बाबतीत तो फार वेळा दुर्लक्षिला जातो. मियाटाच्या सस्पेन्शनला खाली जायला जागा बेताची असते. शॉकच्या चकचकीत दांड्याला प्लास्टिकचा एक बारीक झिप टाय घट्ट बांधून तो शॉकच्या अंगाला टेकेपर्यंत खाली सरकवावा आणि फेरीनंतर तो कुठवर ढकलला गेला हे पाहावे. तो थेट बम्प स्टॉपला भिडलेला असेल, तर वळणाच्या मध्यावर ते टोक एकाएकी दगडासारखे कडक होते आणि बाराचे कोणतेही भोक ते सावरू शकत नाही. तीस वर्षांच्या गाडीत मूळ बम्प स्टॉपचा फोम चुरा होऊन गेलेला सापडणेही नवल नाही. तसे असेल तर शॉक बदलतानाच तेही नवे घ्यावेत.

तिसरा दोष बाराच्या बसवणीचा. गाडी डाव्या वळणात वेगळी आणि उजव्या वळणात वेगळी वागत असेल, तर संशय इथेच घ्यावा. गाडी अगदी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी करावी, चालकाच्या आसनावर आपल्या वजनाचा माणूस किंवा तेवढ्या वजनाची पोती ठेवावीत, पुढून-मागून गाडी दोन-चारदा दाबून सोडावी आणि मग एका बाजूची लिंक (बाराचे टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) बारापासून सोडवावी. बोल्ट काढताना लिंक टणकन उडाली किंवा परत बसवताना भोक जुळवायला पान्ह्याने रेटावे लागले, तर बार उभ्या गाडीतही पीळ घेऊन बसलेला आहे. लांबी कमी-जास्त करता येणारी लिंक फिरवत बोल्ट बोटाने आत सरकेल इतकी जुळणी करावी. गाडी जॅकवर असताना हे कधीही करू नये, कारण चाके लोंबकळताना जुळलेली भोके गाडी जमिनीवर आली की जुळत नाहीत.

हे तिन्ही पाहून झाल्यावरच बाराच्या भोकांकडे वळावे. ताठपणा बाराच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून १९ मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा बार बसवला तर तो सुमारे ८० टक्के अधिक ताठ होतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. भोक बदलले की बाराच्या भुजेची लांबी बदलते, आणि त्या लांबीचा परिणाम वर्गाने होतो : २२५ मिलिमीटरची भुजा २०० वर आणली की बार सुमारे २७ टक्के अधिक ताठ. आपण सध्या सर्वांत ताठ भोकावर असाल, तर मधल्या भोकावर येऊन पाहण्यात काहीच गैर नाही, मात्र दोन्ही बाजूंना एकच भोक वापरावे आणि त्या दिवशी दुसरे काहीही बदलू नये. तसेच दर दोन-तीन स्पर्धांनंतर बाराच्या ब्रॅकेटखालचा पत्रा नीट तपासावा. जाड बार मूळ पत्र्याला तडे पाडू शकतो, म्हणून त्याला मजबुतीची पट्टी असणे मी आवश्यक मानतो.

शेवटी चालवण्याविषयी एक विनंती. नाक बाहेर जाऊ लागले की हात आपोआप स्टिअरिंग आणखी फिरवतो आणि टायर आणखी घसरतो. लांब वळणात ब्रेक अलगद, उशिरा सोडून पाहावा; पुढच्या टायरांवर वजन राहिले की बरेचदा नाक सावरते. तेवढ्याने भागत असेल, तर गाडीत खर्च करण्याची गरजच नाही.

प्रश्न : मी पुण्यात राहतो. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर माझी फ्रंट-व्हील ड्राइव्ह हॅचबॅक ट्रॅक डेला नेतो. गाडी फार कलते. मीही पुढे जाड बार लावावा का?

उत्तर : नाही. आपल्या गाडीत पुढचेच टायर वळवतात आणि ओढतातही, त्यामुळे पुढचा जाड बार आतले पुढचे चाक हलके करून नेमकी ओढच काढून घेईल. वर मियाटासाठी जे सांगितले ते इथे उलट लागू होते. अशा बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांच्या भुजा जोडणारी, पीळ घेणारी आडवी तुळई) असतो आणि तो बीम स्वतःच स्वे बाराचेही काम करतो. त्याच्या दोन भुजांमध्ये जादा बार बोल्टने बसवता येतो. वळणात आतले मागचे चाक जमिनीपासून थोडे उचलले गेले तरी घाबरू नये, कारण ते चाक गाडीला ओढत नाही. धोका वेगळा आहे : वेगवान वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर शेपूट सुटते. म्हणून मध्यम ताठपणाच्या बारापासून सुरुवात करावी आणि ट्रॅकवरून घरी येताना पाऊस असेल, तर तो समायोजनाच्या सर्वांत सैल जागी आणावा.

प्रश्न : पॉलियुरेथेनचे बुश (बाराला ब्रॅकेटमध्ये धरणारे लवचीक तुकडे) बसवल्यापासून बारातून कुरकुर ऐकू येते. दुर्लक्ष करावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : करू नये. दोन्ही लिंक सोडवून बार हाताने वर-खाली फिरवून पाहावा. तो अडखळत असेल, तर ब्रॅकेट बुशला चिमटते आहे आणि बाराच्या मोजमापात नसलेला ताठपणा गाडीत शिरला आहे. बुश काढून आतून स्वच्छ पुसावे, सिलिकॉनचे ग्रीस भरपूर लावावे, आणि तरीही बार घट्ट फिरत असेल तर ब्रॅकेटखाली पातळ वॉशर घालावे. साधे पेट्रोलियम ग्रीस मात्र वापरू नये; ते सिलिकॉन ग्रीसइतके टिकत नाही.