कॉलेजात गणिताचा पेपर सक्तीचा आहे आणि आतापासूनच धडकी भरली आहे. तयारी कशी करू?

भीती कॅल्क्युलसची वाटते, पण गाडी अडते ती बहुधा शाळेतल्या बीजगणितावर. हेच बघा: क्ष ३ च्या जवळ जात असताना (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) ची सीमा (limit), म्हणजे त्याची किंमत कोणत्या संख्येच्या जवळ जाते ते, काढायची आहे. थेट ३ घातले की ०/० येतं आणि बरेच जण तिथेच पेन खाली ठेवतात. अंशाचे अवयव पाडा: (क्ष − ३)(क्ष + ३). वरचा-खालचा (क्ष − ३) गेला, उरलं क्ष + ३, उत्तर ६. नवीन गोष्ट एकच: क्ष ३ च्या जवळ जातो पण ३ होत नाही, म्हणून भागता येतं.

तेव्हा वर्ग सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे रोज ४० मिनिटं अपूर्णांक, घातांक, अवयव आणि रेषेचं समीकरण घोटा. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² नव्हे. २ आणि ३ घालून पाहा, एकीकडे २५ येतात, दुसरीकडे १३.

पुढे खरा सापळा वेगळाच. सोडवलेलं उदाहरण वाचलं की समजल्यासारखं वाटतं, परीक्षेत मात्र पहिली ओळच सुचत नाही. म्हणून शिकवलेलं उदाहरण त्याच दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर सोडवा. २० मिनिटं अडून राहिलात तर त्या ओळीवर खूण करा आणि तीच ओळ शिक्षकांना दाखवा. नुसतं "काहीच कळत नाही" म्हटलं तर तेही काय सांगणार?

चुका वेगळ्या वहीत लिहा. वजाचं चिन्ह कंसात न नेणं हीच चूक पुन्हा पुन्हा सापडेल.