ऑर्किडला परत फुलं कधी येणार?

प्रश्न : पुण्यात फ्लॅटमध्ये मोठ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड आणलंय, पानं मस्त गडद हिरवी आहेत पण वर्ष झालं परत फूलच नाही. काय करू?

उत्तर : ताई, पानं गडद म्हणजे उजेड कमी पडतोय, थोडी पोपटी हवीत. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवा, सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं अजिबात नको, पानं करपतात. आणि खरी गोष्ट म्हणजे गारवा! फुलांचा दांडा फुटायला रात्री १६-१८ अंश असं ३-४ आठवडे लागतं, पुण्यात नोव्हेंबरात ते आपोआप मिळतं तर खिडकी जरा उघडी ठेवा ना. मुळं चंदेरी दिसली की मगच पाणी, पानांच्या बेचक्यात साचलं तर कुजतं. दांडा दिसला की फुलायला अजून २-३ महिने जातात, तेवढ्यात कुंडी सारखी फिरवू नका.