काउंटीच्या वर्कफोर्स बोर्डावर उद्योजक म्हणून नेमणूक कशी होते, आणि जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: न्यू जर्सीत तुमची २२ माणसांची पॅकेजिंगची कंपनी आहे. काउंटीच्या वर्कफोर्स डेव्हलपमेंट बोर्डावर (नोकरी आणि प्रशिक्षणासाठी येणाऱ्या केंद्रीय पैशाच्या कामावर देखरेख करणारी स्थानिक समिती) 'बिझनेस'ची जागा रिकामी आहे, याल का, असा फोन आला. नेमणूक कोण करतं, ओळखीच्या कौन्सिलमनला सांगावं का, मराठी मंडळाचं शिफारसपत्र चालेल का आणि यातून धंद्याला काय मिळतं, हे तुम्हाला हवंय. माझं याच राज्यात छोटं मशीन शॉप आहे आणि अशाच एका बोर्डावर मी बिझनेसच्या खुर्चीत बसतो, म्हणून लिहितोय.

मंडळाचं पत्र चालणार नाही, हे आधी सांगून टाकतो. ही बोर्डं २०१४ च्या केंद्रीय कायद्याखाली चालतात. 'वर्कफोर्स इनोव्हेशन अँड अपॉर्च्युनिटी ॲक्ट' हे त्याचं पूर्ण नाव, पण मीटिंगमध्ये सगळे 'विओआ' म्हणतात. बिझनेसचे सदस्य स्थानिक व्यापारी संघटनांनी किंवा त्या-त्या धंद्याच्या असोसिएशनने सुचवलेल्यांतूनच घ्यायचे, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्स किंवा उत्पादकांची एखादी संघटना. आपलं मंडळ गणपती झकास बसवतं, नाटकं आणतं, पण ते व्यापारी संघटना नव्हे. तुम्ही चेंबरचे सभासद असाल तर आजच त्यांच्या ऑफिसला मेल टाका. नसाल तर काउंटीतून ज्यांनी फोन केला त्यांनाच विचारा की नावं सहसा कोणाकडून घेतात. त्यांना ते तोंडपाठ असतं.

गावच्या कौन्सिलमनचा यात थेट हात नाही. नेमणूक काउंटीचे निवडून आलेले लोक करतात, म्हणजे आपल्याकडे काउंटी कमिशनर्स (२०२१ पर्यंत ज्यांना फ्रीहोल्डर म्हणायचे). अटलांटिक, बर्गन, एसेक्स, हडसन आणि मर्सर या पाच काउंट्यांत वेगळा निवडून दिलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह असतो, तिथे नेमणूक करणारा म्हणून त्याचं नाव पुढे येतं. हा मान त्यांना उगाच दिलेला नाही. केंद्राकडून आलेल्या पैशाचा गैरवापर झाला तर जबाबदारी त्यांच्या गळ्यात येते. ओळख कामाला येते, नाही असं नाही. पण संघटनेचं पत्र नसेल तर कागद पुढे सरकत नाही, कारण गव्हर्नरच्या वतीने राज्य दर दोन वर्षांनी बोर्डाला मान्यता देतं आणि तेव्हा कोणाला कोणी सुचवलं हे तपासलं जातं.

आता फोन तुम्हालाच का आला, ते सांगतो, कारण यात मेख आहे. कायद्याने बोर्डावर बिझनेसवाले निम्म्याहून जास्त हवेत. कामगारांची बाजू, म्हणजे युनियनचे आणि ॲप्रेंटिसशिपवाले प्रतिनिधी, किमान वीस टक्के. शिवाय प्रौढ शिक्षणाचा एक, कॉलेजचा एक, आर्थिक विकासाचा एक, राज्याच्या रोजगार सेवेचा एक आणि अपंगांच्या व्यावसायिक पुनर्वसनाचा एक. सरळ हिशेब मांडला तर लहानात लहान बोर्ड १९ जणांचं होतं: १० बिझनेस, ४ कामगार, २ शिक्षण, ३ सरकारी. आता त्या दहांतला एक निवृत्त झाला, किंवा कंपनी विकून फ्लोरिडाला गेला, की उरतात १८ पैकी ९. बरोबर निम्मे, म्हणजे बहुमत नाही. एका खुर्चीने अख्खं बोर्ड नियमाबाहेर जातं, म्हणून स्टाफ घाईला येतो. त्यात किमान दोन जण छोट्या उद्योगांचे असावे लागतात. कारखानदारीत पाचशे माणसांची कंपनीही अनेकदा सरकारी व्याख्येत 'स्मॉल'च असते, तेव्हा तुमचे २२ म्हणजे सोन्याहून पिवळं.

खुर्चीत मात्र तुम्ही स्वतः बसा. मालक, वरिष्ठ अधिकारी किंवा माणूस घ्यायचा-न घ्यायचा निर्णय ज्याच्या हातात आहे असाच चालतो. ऑफिसमधल्या कोणाला तरी पाठवू, असं मनात असेल तर ते सोडा. तुमच्या ऐवजी बदली माणूस पाठवायची सोय बोर्डाच्या नियमावलीत असते, पण त्या बदलीकडेही तोच अधिकार हवा.

मीटिंग कशी असते? बहुतेक सकाळची, तिमाहीतून एकदा, पातळ कॉफी आणि जाडजूड पॅकेट. त्या पॅकेटात आकडे असतात: जॉब सेंटरमधून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या तिमाहीत नोकरीत होते, किती चौथ्या तिमाहीत, पगाराचा मध्य काय, सर्टिफिकेट कितींना मिळालं. नवा बिझनेसवाला हे बघून गप्प बसतो आणि ठरावांना हात वर करून घरी जातो. माझ्या मते बोर्डाचं सगळ्यात मोठं नुकसान यातच आहे. आकड्यांत स्टाफ तुमच्यापेक्षा हुशार असणार, तिथे स्पर्धा करू नका. तुम्हाला जे माहीत आहे ते त्या खोलीत दुसऱ्या कोणालाच माहीत नसतं.

एक उदाहरण देतो. आमच्यापुढे सीएनसीचा, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनचा, एक कोर्स आला होता. पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण उत्तम, सर्टिफिकेटं भरपूर. त्याच कोर्सची पोरं माझ्याकडे इंटरव्ह्यूला यायची. मी हातात मायक्रोमीटर आणि एक पिन द्यायचो, माप सांग म्हणायचो. अर्ध्यांना जमायचं नाही. संगणकावर प्रोग्राम सुंदर लिहायची, पण ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, वाचताना अडायची. मीटिंगमध्ये मी एवढंच सांगितलं आणि पुढच्या वेळी एक मायक्रोमीटर खिशात घालून नेला. शेजारच्या प्लॅस्टिक मोल्डिंगवाल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडेही हेच. कोर्समध्ये मोजमापाचे तास वाढले. दोन मालकांचं एकच रडगाणं ऐकल्यावर कोणाला नाही म्हणता येत नाही. तुमच्या पॅकेजिंग लाइनवरही असं काहीतरी असेलच: मेकॅनिक मिळत नाही, की मिळतो आणि नाइट शिफ्टला टिकत नाही, कारण शेवटची बस नऊला जाते. हेच बोला.

धंद्याला काय मिळतं, तर पगार किंवा कंत्राट नाही. ज्या योजना आहेत त्या बोर्डावर नसलेल्यालाही मिळतात. नवीन माणूस कामावर घेऊन शिकवलात तर ऑन-द-जॉब ट्रेनिंगमध्ये त्याच्या मजुरीच्या ५० टक्क्यांपर्यंत परतावा असतो, काही अटींवर ७५ टक्क्यांपर्यंत जातो. असलेल्या माणसांना नवं शिकवायलाही थोडी रक्कम असते. आत बसल्यावर हे वेळेवर कळतं, हा खरा फायदा. मात्र स्वतःच्या कंपनीचा विषय आला की मत द्यायचं नाही. जवळच्या नातेवाइकाला थेट आर्थिक फायदा होणार असेल तरीही नाही. मी तर सरळ उठून बाहेर जातो आणि तशी नोंद करायला लावतो. मीटिंगा खुल्या असतात, इतिवृत्तं कोणीही मागू शकतं आणि न्यू जर्सीत स्थानिक वर्तमानपत्रवाले ती खरंच वाचतात.

महाराष्ट्रातल्या आयटीआयची संस्था व्यवस्थापन समिती तुम्ही पाहिली असेल, तर तो अंदाज इथे लावू नका. १,३९६ सरकारी आयटीआयसाठी आखलेल्या २००७-०८ च्या केंद्रीय योजनेत एका संस्थेमागे अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज होतं, समितीचा अध्यक्ष उद्योगाकडचा आणि उद्योगाचे बाकीचे सदस्यही भागीदार उद्योगानेच सुचवायचे. एक संस्था, एक भागीदार. इथे अध्यक्ष बिझनेसवाल्यांतूनच निवडतात, पण तुमच्यासमोर अख्ख्या काउंटीचे बेरोजगार, मालक आणि युनियन असतात. युनियनच्या माणसाशी भांडण होईल अशी भीती घेऊन जाऊ नका. ॲप्रेंटिसशिपबद्दल बोर्डावर सगळ्यात जास्त त्यालाच कळतं.

हो म्हणण्याआधी गेल्या वर्षभराची इतिवृत्तं आणि बोर्डाची नियमावली मागून घ्या. मुदत किती वर्षांची, किती गैरहजेऱ्या चालतात आणि गणसंख्येअभावी किती मीटिंगा रद्द झाल्या, हे बघा. गणसंख्याच जमत नसेल तर स्टाफला कारण विचारा, उत्तरावरून बरंच समजतं. मग चेंबरकडून पत्र घ्या. त्यात तुमचं पद, माणसं घेण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे हे वाक्य, कंपनी छोट्या उद्योगांत मोडते याचा उल्लेख आणि वर्षाला साधारण कुठल्या जागा भरता, एवढं एका पानात मावतं. बरोबर रेझ्युमे जोडा आणि कमिशनर्सच्या कुठल्या मीटिंगच्या अजेंड्यावर ठराव येणार आहे ते विचारून ठेवा, कारण ती तारीख चुकली की पुढचा महिना उजाडतो.