पहिली ऑडी घेताय? मग टायरचं आधी ऐका

ऑडीची क्यू३, म्हणजे त्यांची छोटी एसयूव्ही, घ्यायचं ठरलं म्हणालात, फार बरं वाटलं! माझी घेऊन दीड वर्ष झालं. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, १९० हॉर्सपॉवर. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट दम न लागता चढते. पावसाळ्यात कासच्या वाटेवर वळणं ओली, निसरडी असतात. तिथे चारही चाकांना ताकद मिळते त्याचं मोल कळतं.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमबाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावर उरकू नका. आईवडिलांना सोबत न्या, चढता-उतरता येतंय का बघा. मागे दोघं ऐसपैस बसतात. तिसऱ्याच्या पायात मधला उंचवटा येतो.

आता टायर. यांच्या बाजूच्या भिंती पातळ. गेल्या जुलैत पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, आणि टायरच्या बाजूला अंगठ्याएवढा फुगा आला. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. साताऱ्यात तो साइज मिळेना, पुण्याहून येईपर्यंत दोन दिवस गाडी दारात उभी. हवा कमी असली की खड्ड्याचा मार जास्त बसतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना हवा तपासा. आणि विमा काढताना टायरचं संरक्षण त्यात आहे का, हे एजंटकडून लिहून घ्या.